कार्बन नॅनोट्यूबने कॅन्सर बरा होतो का? आत्याची केमो थांबवू नकोस, बाकी सविस्तर सांगतो

एमएस्सीला आहेस म्हणालीस म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून सरळ अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस. तुझा प्रश्न असा की आत्याला ब्रेस्ट कॅन्सर आहे, परळला केमो चालू आहे, दोन सायकल झाल्यात आणि उलट्यांनी ती इतकी कंटाळलीय की पुढची नकोच म्हणते, त्यात चुलतभावाने घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकलाय की कार्बन नॅनोट्यूबचं इंजेक्शन देऊन वरून लेझर मारला की गाठ जळून जाते आणि बाकी शरीराला धक्काही लागत नाही, तर हे मुंबईत कुठे मिळतं, मिळेपर्यंत केमो थांबवली तर चालेल का, आणि ते ऑनलाइन विकतात ते फुलरीनचं तेल द्यावं का. शिवाय तुला स्वतःला यात पीएचडी करावीशी वाटतेय.

मिळत नाही. मुंबईत नाही, दिल्लीत नाही, अमेरिकेतही नाही, कार्बन नॅनोट्यूबवर बनवलेलं कॅन्सरचं एकही औषध आजवर कुठे मंजूर झालेलं नाही. त्यामुळे त्याच्यासाठी केमो थांबवायची नाही, आणि तेल तर अजिबात द्यायचं नाही. पीएचडीचं शेवटी बोलू.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, मी फॉर्म्युलेशनवाला. औषध रक्तात नेऊन सोडणारे कण बनवणं, ते टिकतात का, कुठे जातात, किती विषारी आहेत हे बघणं, यात अर्धं आयुष्य गेलं, त्यातली बरीच वर्षं कार्बनमध्ये. त्यामुळे तो व्हिडिओ खोटा आहे असं मी म्हणणार नाही. गंमत अशी आहे की व्हिडिओ बऱ्यापैकी खरा असणार, फक्त त्यातला पेशंट उंदीर आहे, आणि ते एकतर सांगितलेलं नसतं किंवा शेवटच्या दोन सेकंदात बारीक अक्षरात येतं.

नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अणूंची एका थराची जाळी गुंडाळून केलेली नळी. १९९१ला जपानच्या सुमिओ इजिमांनी तिचं वर्णन छापलं तेव्हापासून सगळे तिच्या मागे लागले. एकपदरी नळी जाडीला साधारण १ ते २ नॅनोमीटर, म्हणजे डीएनएच्या दुहेरी पिळाच्या आसपास, लांबी मात्र हवी तेवढी. त्याआधी १९८५ला फुलरीन सापडलं होतं, ६० अणूंचा गोळा, त्याला १९९६चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. मग २००४ला ग्राफीन, ती जाळी न गुंडाळता सपाट, त्याला २०१०चं फिजिक्सचं नोबेल. २००४लाच नॅनोट्यूबची सफाई करताना एका टीमला चमकणारे बारीक कण दिसले, ते कार्बन डॉट्स. आणि नॅनोडायमंड तर स्फोटकं बंद डब्यात उडवून मिळतात, ४-५ नॅनोमीटरचे खरेखुरे हिरे, सोव्हिएत लोकांना ते १९६०च्या दशकातच सापडले होते. हे सगळे 'कार्बन नॅनो' या एका नावाखाली येतात पण शरीरात गेल्यावर यांचं वागणं एकमेकांपासून इतकं वेगळं आहे की एकाचा रिझल्ट दुसऱ्याला लावता येत नाही. व्हिडिओवाले इथेच पहिला घोळ घालतात.

आता कॅन्सरवाल्यांना कार्बनचं एवढं आकर्षण का, तर दोन कारणं, आणि दोन्ही खरोखर भारी आहेत.

एक म्हणजे ओझं वाहायची ताकद. डॉक्सोरुबिसिन, ज्याला वॉर्डात सगळे 'लाल केमो' म्हणतात, त्याच्या रेणूत सपाट कड्या असतात. ग्राफीनचा किंवा नॅनोट्यूबचा पृष्ठभागही तसाच कड्यांचा. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की कशा चिकटतात, तसं ते औषध कुठलाही पक्का बाँड न करता कार्बनवर चिकटून बसतं, आणि इतकं बसतं की कधीकधी वाहणाऱ्यापेक्षा ओझ्याचं वजन जास्त. शिवाय पीएच उतरला, म्हणजे आम्लता वाढली, की ते सुटायला लागतं. रक्ताचा पीएच ७.४, गाठीच्या आसपास त्याहून थोडा कमी, आणि पेशीने गिळल्यावर कण ज्या पिशवीत जातो तिथे ५ ते ५.५ पर्यंत. म्हणजे औषध रक्तात बसून राहणार आणि पेशीच्या आत सुटणार. कागदावर याहून चांगली डिलिव्हरी सिस्टिम सुचणं कठीण आहे.

दुसरं म्हणजे उष्णता. ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला लेझर कातडी आणि मांसातून त्यातल्या त्यात बरा आत जातो, कारण रक्त आणि पाणी दोघंही तो कमी शोषतात. नॅनोट्यूब मात्र तो गपागप शोषते आणि तापते. पेशी ४२-४५ अंशांना कमकुवत होते, ५०च्या वर काही मिनिटांत मरते. २००५ला स्टॅनफर्डच्या होंगजी दाई यांच्या लॅबने डिशमध्ये हे करून दाखवलं, ८०८ नॅनोमीटरचा लेझर, फोलेट (बऱ्याच कॅन्सर पेशी ओढून घेतात ते व्हिटॅमिन) लावलेल्या नॅनोट्यूब, ज्या पेशींनी ट्यूब गिळल्या त्या मेल्या, बाकीच्या जगल्या. २००८ला त्याच लॅबने पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध नॅनोट्यूबवर बांधून उंदरांमधल्या ब्रेस्ट कॅन्सरला दिलं आणि गाठीत पोचलेलं औषध नेहमीच्या पॅक्लिटॅक्सेलपेक्षा कितीतरी जास्त निघालं. २०११ला नॅनोडायमंडवर डॉक्सोरुबिसिन लावून औषधाला न जुमानणाऱ्या गाठींवर उंदरांत चांगला परिणाम दिसला. हे सगळं अस्सल काम आहे, नामांकित जर्नल्समध्ये छापलेलं. तुझ्या भावाचा व्हिडिओ अशाच कुठल्यातरी पेपरवरून उचललेला असणार.

मग इतकी वर्षं झाली तरी औषध का नाही? लोकांना वाटतं फार्मा कंपन्या दाबून ठेवतात. अगं, कंपन्यांना यात पैसा दिसला असता तर त्यांनी एकमेकांना ढकलून लाइन लावली असती. खरी अडचण अशी की पेशी मारणं हा कधी प्रॉब्लेम नव्हताच, डिशमध्ये पेशी ब्लीचनेही मरतात. तिथपर्यंत पोचायचं कसं आणि काम झाल्यावर शरीराबाहेर निघायचं कसं, हे दोन प्रश्न आहेत आणि कार्बन दोन्हीकडे अडकतो.

पोचण्याचं आधी बघ. काळ्या शाईसारखं झकास विरघळलेलं ग्राफीन ऑक्साइड किंवा अॅसिडमध्ये उकळून घेतलेली नॅनोट्यूब शुद्ध पाण्यात महिनोन्महिने तशीच राहते, विद्यार्थी खूश होऊन फोटो काढतात. तीच शाई सलाईनच्या ताकदीच्या बफरमध्ये टाक, थोड्याच वेळात तळाशी काळे गोळे. का, तर कणांना एकमेकांपासून लांब ठेवणारा जो विद्युतभार होता तो मिठाने झाकला. रक्त म्हणजे मीठच की, वर प्रोटीन. म्हणून मग त्यावर पीईजी या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचा थर चढवायचा, तरी रक्तात गेल्यावर काही मिनिटांत प्रोटीनचा वेगळाच थर बसतो आणि तू कणावर गाठ ओळखण्यासाठी जे काही लावलं होतंस ते त्याखाली गाडलं जातं. मग यकृत आणि प्लीहेतल्या मॅक्रोफेज पेशी हे बाहेरचं काहीतरी आलंय म्हणून गिळून टाकतात. गाठीपर्यंत किती जातं? टोरंटोच्या वॉरन चॅन यांच्या टीमने २०१६ला आधीच्या दहा वर्षांचे पेपर गोळा करून हिशोब मांडला, सगळ्या प्रकारचे नॅनोकण मिळून, तर मध्यक निघाला ०.७ टक्के. म्हणजे इंजेक्शनमधल्या हजार भागांपैकी सात भाग गाठीत आणि बाकीचे इतरत्र, तेही उंदरांत. हा आकडा आला तेव्हा आमच्या क्षेत्रात बरीच आरडाओरड झाली, मोजायची पद्धत चुकली वगैरे, पण ज्यांनी स्वतः यकृत कापून मोजलंय त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नव्हतं.

आणि लेझरचं गणित तर सोपं आहे. उंदीर २०-२५ ग्रॅमचा, गाठ त्याच्या कातडीखाली मुद्दाम वाढवलेली, वरून लेझर मारला की आरपार. आत्याची गाठ किती खोल आहे, काखेत गेलीय का, हाडात किंवा फुफ्फुसात काही आहे का? हा लेझर मांसात काही मिलिमीटर ते फारतर एक-दोन सेंटिमीटर कामाचा, त्यापुढे उजेड इतका मंदावतो की काही तापत नाही. आणि ब्रेस्ट कॅन्सरमध्ये माणसं छातीतल्या गाठीने सहसा दगावत नाहीत, इतरत्र पसरलेल्या रोगाने दगावतात. केमो देतात ती त्या न दिसणाऱ्या पेशींसाठी. जी पेशी स्कॅनवर दिसत नाही तिच्यावर लेझर कुठे धरणार?

आता बाहेर निघण्याचं. किडनीतून साधारण ५-६ नॅनोमीटरच्या आतला कण लघवीवाटे जातो, म्हणून कार्बन डॉट्सबद्दल मला थोडी आशा आहे. नॅनोट्यूब तशी सुखासुखी जात नाही, महिनोन्महिने यकृतात बसते. २०१०ला एक चांगली गोष्ट कळली की आपल्याच पांढऱ्या पेशींमधलं मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम एकपदरी नॅनोट्यूब हळूहळू कुरतडू शकतं, पण किती, कुठल्या ट्यूबचं, माणसाच्या यकृतात किती वर्षांत, हे सांगून कुठली कमिटी सही करेल? त्याआधी २००८ला एडिनबराच्या लोकांनी लांब, ताठ बहुपदरी नॅनोट्यूब उंदरांच्या पोटाच्या पोकळीत घातल्या तर अॅस्बेस्टॉससारखी सूज आली, कारण मॅक्रोफेजला तो धागा पूर्ण गिळताच येत नाही, अर्धा आत अर्धा बाहेर राहतो आणि ती चिडून आसपास रसायनं ओकत बसते. आखूड, गुंतवळ झालेल्या ट्यूबने तसं झालं नव्हतं, हेही त्याच पेपरमध्ये आहे आणि ते कोणी सांगत नाही. मग २०१४ला आयएआरसीने, म्हणजे डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, एमडब्ल्यूसीएनटी-७ या एका विशिष्ट बहुपदरी प्रकाराला २बी गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर करू शकेल अशी शक्यता, आणि बाकीच्या नॅनोट्यूबना गट ३, म्हणजे ठरवण्याइतका पुरावा नाही. कॅन्सरच्या औषधासाठी ही कुंडली कशी वाटते बघ.

हे वाचून वाटेल कार्बन निरुपयोगीच. तसं नाहीये, आणि हा भाग मला फार आवडतो. कार्बनचे नॅनोकण कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये माणसांवर रोज वापरले जातात, चीनमध्ये, आणि काम अगदी साधं, काळं करणं. साधारण १५० नॅनोमीटरच्या कार्बन कणांचं सस्पेन्शन गाठीजवळ टोचतात. रक्ताच्या केशवाहिनीची फट २०-५० नॅनोमीटरची, त्यात ते शिरत नाहीत, लिम्फच्या नळीची फट १२० ते ५००ची, तिच्यात शिरतात, आणि त्या वाटेवरच्या लिम्फ नोड्स (कॅन्सर बहुधा आधी जिथे पसरतो त्या छोट्या ग्रंथी) काळ्याकुट्ट होतात. सर्जनला दिसतं काय काढायचं. थायरॉइडमध्ये तर उलटाही फायदा, थायरॉइड काळी पडते आणि तिला चिकटलेल्या तांदळाएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथी आपल्या रंगाच्या राहतात, म्हणजे त्या चुकून निघत नाहीत आणि पेशंटचं कॅल्शियम घसरत नाही. यात औषध नाही, लेझर नाही, सोडणं-बिडणं काही नाही, आणि कण टोचल्या जागेच्या आसपासच राहतात, रक्तात फिरायची वेळच येत नाही. माझ्या मते हेच एक कार्बनने कॅन्सरमध्ये आजवर खरं कमावलेलं आहे. आपल्याकडे याच कामाला निळा डाय, रेडिओ-आयसोटोप किंवा आयसीजी हा इन्फ्रारेडमध्ये चमकणारा डाय वापरतात, आत्याचं ऑपरेशन होईल तेव्हा सेंटिनल नोड, म्हणजे गाठीकडून येणाऱ्या वाटेवरची पहिली नोड, हा शब्द कानावर पडेल, तेव्हा आठवेल.

दुसरी चांगली जागा म्हणजे निदान. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधले डॅनियल हेलर आणि त्यांचे सहकारी नॅनोट्यूबच्या चमकण्यात होणारे बारीक फरक मशीन लर्निंगने वाचून रक्तातून ओव्हरीचा कॅन्सर ओळखायचं बघताहेत, २०२२ला त्याचा मोठा पेपर आला. रक्त नळीत, नॅनोट्यूब नळीत, पेशंटच्या अंगात काहीच जात नाही, म्हणजे वरच्या निम्म्या अडचणी गायब.

आत्याला सांगायचं असेल तर हे सांग की नॅनो औषध हवंच असेल तर ते आहे, फक्त कार्बनचं नाही. लाल केमो चरबीच्या फुग्यात, साधारण १०० नॅनोमीटरच्या लायपोसोममध्ये बंद करून देतात, अमेरिकेत १९९५ला मंजूर झालेलं, आपल्याकडेही बनतं, इतकं की २०१२ला अमेरिकेत तुटवडा पडला तेव्हा त्यांनी सन फार्माचं लिपोडॉक्स इथून मागवलं होतं. त्याने हृदयावरचा ताण कमी होतो पण तळहात-तळपाय सोलवटतात. तसंच पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रोटीनच्या कणात बांधलेलं मिळतं, त्यालाच नॅब-पॅक्लिटॅक्सेल म्हणतात, २००५पासून, त्यात साध्या पॅक्लिटॅक्सेलमधलं रिअॅक्शन आणणारं तेलकट सॉल्व्हंट नसतं. पण मुंग्या येणं, बधिरपणा त्यातही होतो. ही औषधं कुणाला आणि कधी हे तिचे डॉक्टर ठरवतील, विचारायला मात्र हरकत नाही, 'लायपोसोमल किंवा नॅब-पॅक्लिटॅक्सेलचा आमच्या केसमध्ये फायदा आहे का' एवढंच विचारायचं, आणि नाही म्हणाले तर का हेही विचारायचं. ओपीडीची गर्दी मला माहितीये, चिठ्ठीवर लिहून न्या, नाहीतर नंबर येईपर्यंत अर्धं विसरायला होतं.

पण खरं सांगू का, तुझ्या आत्याचा प्रश्न नॅनोचा नाहीच, उलट्यांचा आहे. आणि तो सुटण्यासारखा आहे. ओलान्झापिन म्हणून एक जुनं स्वस्त औषध आहे, मानसिक आजाराचं, पण केमोच्या उलट्यांवर छान चालतं, अडचण एकच की पूर्वीच्या १० मिलिग्रॅमच्या डोसला माणूस दिवसभर पेंगतो. परळच्या टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी २.५ मिलिग्रॅमचा छोटा डोस १०च्या तोडीस तोड आहे आणि झोपही कमी आणतो हे ट्रायल करून दाखवलं, २०२४ला लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आलं. मनाने गोळी आणून देऊ नका, पण दोन सायकलमध्ये किती वेळा उलटी झाली, कितव्या दिवशी, दिलेल्या गोळ्या वेळेवर घेतल्या का, हे लिहून डॉक्टरांना दाखवा. बरेच पेशंट हे सांगतच नाहीत, त्यांना वाटतं केमो म्हणजे उलट्या होणारच, सहन करायचं.

तेलाचं सांगतो. फुलरीन म्हणजे सी-६० ऑलिव्ह ऑइलमध्ये विरघळवून द्यायचं, हे २०१२च्या एका फ्रेंच पेपरवरून आलं, मूठभर उंदीरमामांवर केलेला, ते दुप्पट जगले असा दावा. त्यावर बाजार उभा राहिला. नंतर दुसऱ्यांनी उंदरांवर नीट करून बघितलं तर आयुष्य काही वाढलं नाही, उलट ते तेल उजेडात राहिलं की विषारी होतं असं निघालं. नवल नाही, फुलरीन उजेडात ऑक्सिजनला चिडवून त्याचं घातक रूप बनवतं, आणि याच गुणावर लोक त्याला फोटोडायनॅमिक थेरपीत (उजेडाने औषध जागं करून पेशी मारायची पद्धत) वापरायला बघतात. आणि ती बाटली इथे कुरिअरने येईपर्यंत किती ऊन खाते कोणास ठाऊक. आधीच थोडं पाजलं असेल तर घाबरू नका, पण डॉक्टरांपासून लपवू नका.

कोणी 'आमच्याकडे नॅनो ट्रायल चालू आहे, इतके लाख भरा' म्हणालं तर सीटीआरआय या सरकारी रजिस्ट्रीवर त्याचा नंबर आहे का बघ, फुकट आणि कुणालाही बघता येतं. ट्रायलमधल्या औषधाचे पैसे पेशंटकडून मागत असतील तर तिथून उठून यायचं.

आता पीएचडी. कर, पण डोळे उघडे ठेवून. मुंबईत लॅबमधून वॉर्डपर्यंत गोष्ट जात नाही असं नाही, पवईच्या आयआयटीतून निघालेली नेक्सकार१९ खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्याच संशोधन केंद्रात, २०२१ला पहिल्या पेशंटला दिली गेली आणि ऑक्टोबर २०२३ला मंजूर झाली. ती कार-टी थेरपी आहे, म्हणजे पेशंटच्याच पांढऱ्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या, कार्बनशी संबंध नाही, पण बघण्यासारखं हे की तिथे इंजिनिअर आणि टाटाचे डॉक्टर हातात हात घालून काम करत होते. कार्बन डॉट्सच्या बऱ्याच लॅब्समध्ये तसं कोणी नसतं, संत्र्याच्या रसापासून डॉट्स बनवा, यूव्हीखाली निळे चमकले की पेपर, मग लिंबू, मग दूध. निळा उजेड मांसातून जातच नाही गं, लाल किंवा त्यापलीकडे चमकणारे बनवणारी लॅब शोध.

आणि गाईडला भेटशील तेव्हा एमटीटीबद्दल विचार. पेशी जिवंत आहेत का बघायची ही सगळ्यात स्वस्त टेस्ट, पिवळं द्रावण टाकायचं, जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करते, ते विरघळवून रंग मोजायचा. नॅनोट्यूब त्या जांभळ्या स्फटिकांना धरून बसते, ते नीट विरघळत नाहीत, रंग कमी येतो आणि पेशी मेल्या असं वाटतं. ग्राफीन उलटं करतं, पेशी नसतानाही स्वतःच रंग आणतं आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. वर माल मुळात काळा, तो मशीनचा उजेड स्वतःच खातो. ९६ खणांची प्लेट खिडकीकडे धरून नुसती बघितली तरी तळाशी काळा थर दिसतो, पण लोक बघत नाहीत, थेट आकडा उचलतात. म्हणून विचारायचं, 'पेशींशिवायचा कंट्रोल लावता का, एमटीटीबरोबर दुसरी कुठली टेस्ट करता, आणि ट्यूब बनवताना वापरलेला लोखंड-निकेलचा कॅटॅलिस्ट किती उरलाय आणि एन्डोटॉक्सिन, म्हणजे बॅक्टेरियाचं विष, किती आहे हे कुठे मोजून घेता?' गाईड खुर्ची पुढे ओढून सांगायला लागले तर तिथे जॉइन हो. 'ते नंतर बघू' म्हणाले तर दुसरी लॅब बघ.